फायरवायरवरून डिस्क वाटून देणारा लिनक्स ड्रायव्हर : आधी लॉगिन, डेटा नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे : घरात फायरवायर पोर्ट असलेली दोन जुनी यंत्रं आहेत. एकावर लिनक्स आहे. त्यातली डिस्क दुसऱ्या यंत्राला केबलने जोडलेल्या बाहेरच्या डिस्कसारखी दिसावी, असा कर्नल ड्रायव्हर लिहायचा आहे आणि तो मुक्त स्रोत ठेवायचा आहे. सुरुवात कुठून करू आणि यात खरं अवघड काय?

आधी निष्कर्ष सांगतो, मग कारणं. डेटा वाहून नेणारा भाग सगळ्यात शेवटी लिहा. लॉगिन, बस रिसेट (जोडणीची नव्याने होणारी मांडणी) आणि त्यानंतरची फेरजोडणी हे आधी पक्कं करा, अगदी एक बाइटही हलवण्याआधी. पहिल्यांदा लिहिणारा जवळजवळ प्रत्येकजण याच्या उलट जातो, कारण पलीकडच्या यंत्रावर डिस्कचं चित्र उमटलं की काम झाल्यासारखं वाटतं. मीही तसाच गेलो होतो आणि त्यापायी तीन आठवडे एका चुकीच्या मागे घालवले. ती हकिकत पुढे येईलच.

तुमच्यासमोर कोरी पाटी नाही, हेही लक्षात घ्या. फायरवायर म्हणजे आयईईई १३९४, यंत्रं आणि उपकरणं केबलने एकमेकांना जोडण्याचं मानक. १९९५ च्या या मानकाच्या नावातच ‘सिरियल बस’ आहे; बस म्हणजे जोडलेल्या सगळ्यांची सामायिक वाट. तिच्यावरून साठवणुकीची उपकरणं कशी बोलतात ते ठरवणारा करार म्हणजे सिरियल बस प्रोटोकॉल, म्हणजेच एसबीपी-२. लिनक्समध्ये या कराराची टार्गेट बाजू, म्हणजे डिस्क देणारी बाजू, २०१२ मध्ये ३.५ आवृत्तीत आली. ती एलआयओ या सामायिक टार्गेट चौकटीवर उभी आहे आणि ती चौकट २०११ मध्ये २.६.३८ मध्ये कर्नलात दाखल झाली होती. मॅकवाल्यांना हीच सोय टार्गेट डिस्क मोड म्हणून माहीत आहे : इंटेलपर्यंतच्या जुन्या मॅकवर यंत्र सुरू होताना टी ही कळ दाबून धरली की अख्खा मॅक बाहेरच्या डिस्कसारखा वागतो.

कर्नलच्या झाडात, म्हणजे त्याच्या स्रोत-कोडच्या फोल्डरांत, ड्रायव्हर्स, मग टार्गेट, मग एसबीपी या फोल्डरमध्ये या टार्गेट ड्रायव्हरची फाइल आहे. दोन-अडीच हजार ओळी आहेत. ती छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. नवा ड्रायव्हर लिहायचा हट्ट असेल तरी एससीएसआय आज्ञा (डिस्कशी बोलायची ठरलेली भाषा) समजून घेणारा भाग स्वतः लिहू नका. इन्क्वायरी, रीड कपॅसिटी, मोड सेन्स, रिझर्वेशन हे सगळं एलआयओचा गाभा करतो आणि अनेक वर्षांच्या वापरात ते घासूनपुसून निघालं आहे. आपला ड्रायव्हर म्हणजे गाभा आणि तार यांच्यामधला दुभाषा. तेवढंच काम नीट करायला पुष्कळ आहे.

आता एसबीपी-२ ची मूळ कल्पना. ती समजली नाही तर पुढची प्रत्येक ओळ उलटी वाटते. डिस्क मागणाऱ्या यंत्राला इनिशिएटर म्हणतात. आपल्याला सहज वाटतं की इनिशिएटर आज्ञा पाठवत असेल आणि टार्गेट ती घेत असेल. इथे तसं नाही. जुन्या वाड्यांत किराणा दुकानाचा पोरगा घरी यायचा तसा हा व्यवहार आहे. गिऱ्हाईक यादी आपल्याच घरात लिहून ठेवतं आणि दुकानदाराला फक्त ‘यादी अमुक खुंटीला अडकवली आहे’ एवढं कळवतं. पोरगा येतो, यादी वाचतो, हवा तो माल घरातल्या डब्यात ओततो, परत न्यायचं ते घेऊन जातो आणि शेवटी काम झाल्याची चिठ्ठी ठरल्या जागी टाकतो. यादीच्या शेवटी नवा जिन्नस जोडला की गिऱ्हाईक घंटी वाजवतं. ही घंटी माझी कल्पना नाही, त्या रजिस्टरचं मानकातलं नावच ‘डोअरबेल’ आहे.

त्या यादीतल्या एका नोंदीला ऑपरेशन रिक्वेस्ट ब्लॉक म्हणतात, बोलताना सगळे ‘ओआरबी’ म्हणतात. ओआरबी इनिशिएटरच्या स्मृतीत असतो. त्याचा पत्ता टार्गेटच्या एका रजिस्टरात लिहिला जातो. टार्गेट तो ओआरबी बसवरून वाचून आणतो, पुढच्या ओआरबीचा पत्ता त्यातच असतो, आणि अशी साखळी चालत राहते. फायरवायरवर हे शक्य आहे, कारण इथे प्रत्येक व्यवहार ६४ बिटांच्या पत्त्यावर होतो : १० बिट बसचे, ६ बिट नोडचे (म्हणजे बसवरच्या एकेका यंत्राचे) आणि उरलेले ४८ बिट त्या नोडच्या आतल्या जागेचे. थोडक्यात, एका यंत्राची स्मृती दुसऱ्याला पत्त्यानिशी दिसते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दिशांचा गोंधळ. इनिशिएटरने ‘वाच’ म्हटलं की टार्गेटला बसवर ‘लिही’ व्यवहार करावा लागतो, कारण माल गिऱ्हाइकाच्या डब्यात ओतायचा आहे. ओआरबीतला दिशेचा बिट हाताळताना मी आजही कागदावर बाण काढतो. दुसरी, कष्टाची वाटणी विषम आहे. इनिशिएटरच्या बाजूला ओएचसीआय चिप (फायरवायर पोर्ट सांभाळणारी चिप) अशा वाचन-लेखनाला स्वतःच उत्तर देते आणि प्रोसेसरला कळतही नाही. टार्गेटच्या बाजूला मात्र लिनक्सला एकेक पॅकेट स्वतंत्र व्यवहार म्हणून पाठवावं लागतं. ४०० मेगाबिटच्या वेगाला एका पॅकेटात जास्तीत जास्त २०४८ बाइट मावतात. म्हणजे एक मेगाबाइटला ५१२ व्यवहार. झाडातला ड्रायव्हर एक व्यवहार पाठवतो, उत्तराची वाट पाहतो, मग पुढचा पाठवतो. मूळ लेखकाची यात चूक नाही, त्याने बरोबर चालणारा कोड आधी दिला आणि तेच योग्य होतं. पण तुम्हाला हात घालायला खरी जागा हवी असेल तर ती इथे आहे. व्यवहाराला ६ बिटांचं लेबल असतं, त्यामुळे अनेक व्यवहार एकाच वेळी हवेत ठेवता येतात, म्हणजे एकाचं उत्तर येण्याआधीच पुढचे पाठवता येतात. आठ-दहा ठेवले तरी बसवरचा रिकामा वेळ भरून निघेल. फक्त हे काम सगळ्यात शेवटी करायचं.

सुरुवात लॉगिनपासून. इनिशिएटरला बसवर टार्गेट सापडतो तो कॉन्फिगरेशन रॉममुळे, म्हणजे प्रत्येक नोडवर असलेल्या ओळखपत्रामुळे. आपण तिथे एक युनिट डिरेक्टरी टाकतो : मी एसबीपी-२ बोलतो, माझी लॉजिकल युनिट (देऊ केलेल्या डिस्क) ही आहेत, माझा मॅनेजमेंट एजंट (लॉगिनच्या विनंत्या घेणारा) या पत्त्यावर आहे. लिनक्सच्या फायरवायर गाभ्यात असं वर्णन जोडण्याची आणि एखादा पत्ता-पट्टा आपल्या ताब्यात घेण्याची तयार फंक्शन्स आहेत. इनिशिएटर मॅनेजमेंट एजंटच्या पत्त्यावर लॉगिन ओआरबीचा पत्ता लिहितो. आपण तो वाचून आणतो, परवानगी द्यायची का ते ठरवतो, लॉगिन क्रमांक देतो आणि ‘तुझ्या आज्ञांसाठी हा कमांड एजंट’ असं उत्तर त्याच्या स्मृतीत लिहितो.

पत्त्यावर लिहिलं गेलं की आपलं फंक्शन ज्या संदर्भात चालतं तिथे झोपता, म्हणजे कशाची वाट पाहत थांबता, येत नाही. तिथून बसवर वाचन सुरू करून उत्तराची वाट पाहिलीत तर कर्नल तिथेच अडकेल. तिथे फक्त विनंती तपासायची, पत्ता टिपून ठेवायचा, काम वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेवर) टाकायचं आणि लगेच उत्तर द्यायचं. एजंट आधीच्या कामात गुंतलेला असेल तर ‘संघर्ष’ हा उत्तर-कोड परत द्यायचा, म्हणजे इनिशिएटर पुन्हा प्रयत्न करेल. लॉकडेप, म्हणजे कुलपांच्या (लॉकच्या) चुका पकडणारी कर्नलची सोय, पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. वर्कक्यू आणि हा न झोपणारा भाग एकाच कुलपासाठी भांडले तर ते मुकाट लटकण्याआधी लॉकडेप ओरडून सांगतो.

परवानगी देताना एक काम विसरायचं नाही. लॉगिन करणाऱ्याचा ६४ बिटांचा कायमचा ओळख क्रमांक, म्हणजे जीयूआयडी, त्याच्या कॉन्फिगरेशन रॉममधून वाचून घ्यायचा आणि सत्राशी बांधायचा. नोड क्रमांकावर विश्वास ठेवायचा नाही. का, ते आता सांगतो, कारण साऱ्या उत्तराचा जीव इथे आहे.

फायरवायर बसवर कुठलंही उपकरण जोडलं, काढलं, चालू किंवा बंद केलं की बस रिसेट होतो. सगळे नोड नव्याने झाड रचतात, एकेक करून आपली ओळख सांगतात आणि नोड क्रमांक नव्याने वाटले जातात. एका बसवर ६३ पर्यंत नोड बसतात. काल दोन क्रमांकावर असलेलं यंत्र आज शून्यावर असू शकतं आणि दोनवर तिसरंच कोणीतरी. हवेत असलेले व्यवहार रद्द होतात. म्हणून प्रत्येक रिसेटला एक पिढी क्रमांक, म्हणजे जनरेशन, असतो आणि प्रत्येक व्यवहार नोड क्रमांक व जनरेशन या जोडीने पाठवला जातो. जनरेशन जुना निघाला तर व्यवहार बाहेर पडतच नाही. हे संरक्षण फार सुंदर आहे, पण ती जोडी बरोबर वाचली तरच.

आता ती हकिकत. पुण्यात माझ्या कामाच्या टेबलावर एक लिनक्स टार्गेट आणि दोन इनिशिएटर होते. त्यातला एक मी एका लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून आणला होता. त्या काळी डीव्ही कॅमेऱ्यातून टेप उतरवायला सगळे स्टुडिओ फायरवायरच वापरायचे, म्हणून अशी यंत्रं सहज मिळायची. चाचणी रात्रभर चालायची : नमुना लिहा, परत वाचा, ताडून पाहा. सगळं ठीक. मग मी चाचणी चालू असताना मधेच कॅमेरा जोडायला आणि काढायला लागलो. शंभर-दीडशे वेळा काही झालं नाही आणि मग एकदा वाचलेल्या डेटात दोन किलोबाइटचा एक तुकडा कमी पडला. चूक कुठेच नोंदलेली नाही, व्यवहार यशस्वी, फक्त डब्यात माल नाही.

माझ्या कोडमध्ये आधी नोड क्रमांक वाचला जात होता आणि मग जनरेशन. या दोन वाचनांच्या मधे रिसेट झाला की हाती येतो जुना नोड क्रमांक आणि नवा जनरेशन. हार्डवेअरच्या दृष्टीने ती जोडी ताजी आहे, म्हणून पॅकेट जातं, फक्त दुसऱ्याच नोडकडे. तो नोड कॅमेरा असता तर त्याने ‘असा पत्ता नाही’ म्हटलं असतं. पण तिथे दुसरा इनिशिएटर होता आणि त्याने आमच्या टार्गेटला आपल्या स्मृतीत लिहायची परवानगी दिलेली होती. तो तुकडा त्या यंत्राच्या स्मृतीत कुठेतरी जाऊन पडला. हे लक्षात आलं तेव्हा मला खरोखर भीती वाटली. दुसऱ्याच्या यंत्राची स्मृती बिघडवणारा कोड मी महिनाभर चालवत होतो.

दुरुस्ती दोन ओळींची. आधी जनरेशन वाचायचा, मग वाचनाचा मेमरी बॅरियर (प्रोसेसरला वाचनांचा क्रम बदलू न देणारी सूचना), मग नोड क्रमांक. आता मधे रिसेट झालाच तर जनरेशन जुना ठरतो आणि पॅकेट बाहेर पडत नाही. गाभ्याच्या लेखकांनी हा क्रम उपकरणाच्या रचनेजवळच्या टिप्पणीत लिहून ठेवला आहे. मी ती टिप्पणी वाचली होती, तिचं वजन मला कळलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगतो : त्या टिप्पणीपाशी एक अख्खा दिवस थांबा.

रिसेटनंतर टार्गेटचं कर्तव्य मानकाने स्पष्ट ठेवलं आहे. चालू असलेली सगळी कामं रद्द करायची. सत्र मात्र लगेच मोडायचं नाही. लॉगिनच्या वेळी ठरलेल्या मुदतीत इनिशिएटर फेरजोडणीचा ओआरबी पाठवू शकतो आणि तो पाठवणारा तोच आहे हे जीयूआयडीवरून ताडायचं. मुदत संपली की आपणहून लॉगआउट. झाडातल्या ड्रायव्हरमध्ये ही मुदत काही सेकंदांचीच असते. इथे सगळ्यात जास्त शर्यती, म्हणजे दोन घटनांच्या क्रमावर अवलंबून घडणाऱ्या चुका, दडलेल्या आहेत : मुदतीचा टायमर आणि फेरजोडणी एकाच क्षणी आले तर? रद्द केलेलं काम एलआयओच्या गाभ्याकडून उशिरा पूर्ण होऊन परत आलं तर? दुसऱ्या प्रसंगात सत्राची स्मृती सोडून दिलेली असते आणि आपण तिच्यात लिहितो. संदर्भ-गणना (एखादी रचना अजून किती जण वापरत आहेत याचा हिशोब) नीट ठेवा आणि चाचणीच्या कर्नलात कासान (KASAN), म्हणजे स्मृतीचा चुकीचा वापर पकडणारी सोय, चालू ठेवा. हळू चालेल, चालू द्या.

दोन बारीक गोष्टी पटकन. बसवरच्या सगळ्या रचना बिग-एंडियन आहेत, म्हणजे संख्येचा मोठा बाइट आधी; आपलं इंटेल यंत्र उलटं. त्या रचनांना बिग-एंडियनचे प्रकार द्या आणि स्पार्स (कर्नलचा कोड तपासणारं साधन) चालवा, विसरलेलं रूपांतर ते दाखवून देतं. डेटा मात्र उलटवायचा नाही, तो आहे तसा जातो. आणि डेटाचा पत्ता कधी सरळ असतो, कधी तो तुकड्यांच्या तक्त्याचा असतो. तो तक्ताही इनिशिएटरच्या स्मृतीतून आणावा लागतो. छोट्या चाचण्यांत तक्ता येतच नाही, म्हणून हा भाग न तपासता राहून जातो.

‘वाटून देणं’ या शब्दाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण प्रश्नात तो सहज आला आहे. एकाच लॉजिकल युनिटवर दोन इनिशिएटरना लॉगिन देता येतं. लिनक्सचा इनिशिएटर ड्रायव्हर मुळात एकट्याचं लॉगिन मागतो आणि ते बंद करायला त्याचं एक पॅरामीटर आहे. टार्गेटच्या बाजूलाही युनिटमागे एकच लॉगिन हे मूळ मूल्य आहे. दोन्ही सैल केलीत तर डिस्क दोघांना दिसेल. पण दोघांनी तिच्यावरची ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल प्रणाली) एकाच वेळी माउंट केली, म्हणजे वापरायला उघडली, तर ती फाइल प्रणाली उद्ध्वस्त होईल, आणि यात ड्रायव्हरचा काही दोष नसेल. प्रत्येक यंत्र आपल्या स्मृतीतली प्रत खरी मानतं, दुसऱ्याने काय बदललं हे त्याला कळत नाही. यासाठी ओसीएफएस२ किंवा जीएफएस२ सारखी क्लस्टर फाइल प्रणाली, म्हणजे अनेक यंत्रांना एकच डिस्क समन्वयाने वापरू देणारी, लागते. ओरॅकलच्या लोकांनी एकेकाळी स्वस्तात क्लस्टर शिकता यावं म्हणून नेमकी हीच युक्ती वापरली होती : दोन साधी यंत्रं, मधे एक फायरवायर डिस्क. त्यांची ओसीएफएस२ पुढे २००६ मध्ये २.६.१६ मध्ये कर्नलात आली. घरच्या वापरासाठी माझा आग्रह एकाच लॉगिनचा आहे. मूळ मूल्यं तशी ठेवण्यात शहाणपण आहे, तुमच्या ड्रायव्हरमध्येही तशीच ठेवा.

आणखी एक जोखीम : टार्गेट यंत्रावरची कॅश. डिस्कच्या जागी साधी फाइल देऊन बफर केलेला प्रकार निवडलात तर इनिशिएटरला ‘लिहून झालं’ असं उत्तर मिळतं तेव्हा डेटा अजून तुमच्या रॅममध्ये असू शकतो. चाचणीत वेग छान दिसतो. वीज गेली की फसवणूक उघड होते. खऱ्या डेटासाठी ब्लॉक उपकरण थेट द्या.

केबलवरून दुसऱ्याची स्मृती वाचता येते याचा सुरक्षेशी काय संबंध, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. अनोळखी उपकरण फायरवायरला जोडणं म्हणजे घराची किल्ली देणं. लिनक्सचा गाभा हा दरवाजा सरसकट उघडा ठेवत नाही, इनिशिएटर ड्रायव्हर फक्त लॉगिन केलेल्या टार्गेटपुरता तो उघडतो. आयओएमएमयू, म्हणजे उपकरणं कोणती स्मृती गाठू शकतात ते मर्यादित ठेवणारं हार्डवेअर, असेल तर चालू ठेवा.

चाचणीसाठी किमान एक इनिशिएटर लिनक्सेतर असावा, जुना मॅक उत्तम. लिनक्स लिनक्सशी बोलताना दोघांची एकच गैरसमजूत झाकली जाते. चिपही दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या. कर्नलच्या ओएचसीआय ड्रायव्हरमध्ये अशा चिपांच्या खोडींचा तक्ताच आहे, तो वाचला की आपला दोष कोणता आणि चिपचा कोणता याचा अंदाज येतो. जुनं पीसीआयलिंक्स हे फायरवायर कार्ड भंगारात मिळालं तर सोडू नका. कर्नलातला ‘नोझी’ हा ड्रायव्हर त्यावर बसवरची सगळी वाहतूक टिपून देतो.

शेवटी, हे आज करावं का? २०२० मध्ये मूळ लेखकानेच हा टार्गेट ड्रायव्हर कर्नलातून काढून टाकायचा प्रस्ताव दिला होता. काहींनी आक्षेप घेतला आणि ड्रायव्हर राहिला. फायरवायरचा गाभा २०२३ पासून ताकाशी साकामोतो सांभाळतात आणि २०२९ पर्यंत तो चालता ठेवायचा त्यांचा जाहीर मानस आहे. म्हणजे पॅच वाचणारा माणूस आहे आणि मुदतही माहीत आहे. मला हे काम मोलाचं वाटतं, कारण दोन-अडीच हजार ओळींत तुम्हाला बस, डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट स्मृती वाचणं-लिहिणं), सत्रांचं आयुष्य, शर्यती आणि साठवणुकीचा करार हे सगळं एकत्र शिकायला मिळतं. एनव्हीएमईचं (आजच्या वेगवान एसएसडींच्या कराराचं) टार्गेट वाचायला गेलात की हेच प्रश्न मोठ्या आकारात भेटतात.

पहिला पॅच मोठा पाठवू नका. एक शर्यत शोधा, ती पुन्हा घडवून दाखवा, तेवढीच दुरुस्त करा, आणि संदेशात काय बिघडत होतं ते सांगा : कोणत्या दोन वाचनांमधे रिसेट आला, जनरेशन आधी किती होता, नंतर किती झाला. कॅमेरा नसेल तर कुठलंही फायरवायर उपकरण चालेल. चाचणी चालू ठेवून ते दोनशे वेळा जोडा आणि काढा, आणि लॉगमध्ये प्रत्येक व्यवहारासोबत नोड क्रमांक, जनरेशन आणि जीयूआयडी हे तिन्ही छापा. अडलात तर तो लॉग घेऊन या, आपण त्यावरच बोलू.